एमओटीएच: आत्ता की दोन वर्षांनी?

बीओटीएचची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीची, चार वर्षं आणि इंटर्नशिपचे सहा महिने संपत आले की घरात एकाच विषयावर बैठका सुरू होतात. ‘एमओटीएच आत्ताच करून टाक, एकदा पगाराची सवय लागली की पुस्तक हातात धरवत नाही,’ असं आई म्हणते. मामांचं लक्ष अमेरिकेकडे असतं. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी सून तिकडे थेरपिस्ट आहे आणि तिचं उत्तम चाललं आहे. कॉलेजातली सीनियर फोनवर सांगते, वर्षभर एखाद्या सेंटरला काम कर, मग स्वतःचं क्लिनिक टाक, पदवी कोण विचारतंय? तिघांचंही म्हणणं खरं असतं आणि तिघांनीही हिशोब अर्धाच मांडलेला असतो.

ऑक्युपेशनल थेरपीतली, म्हणजे व्यवसायोपचारातली, पुढची पदवी एमओटीएच आणि डॉक्टरांची एमडी यांत मोठा फरक आहे. एमबीबीएसनंतर पुढे शिकायचं हे आता जवळजवळ गृहीतच असतं. इथे तसं नाही. बीओटीएच झालेली मुलगी राज्याच्या परिषदेत नोंदणी झाली की रुग्ण तपासू लागते, आणि कित्येक उत्तम थेरपिस्ट आयुष्यभर त्याच पदवीवर काम करत आले आहेत. म्हणून पुढे शिकायला कारण लागतं. ‘सगळे करतात’ हे कारण पुरत नाही, कारण सगळे करत नाहीत.

आधी हे काम जरा जवळून पाहू. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या साठीच्या गृहस्थांना सदरा घालायला शिकवायचा आहे. लुळा हात आधी बाहीत घालायचा, बाही खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, मग सदरा पाठीवरून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत. काढताना क्रम उलटा, चांगला हात आधी बाहेर. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तोल जातो, बाही कोपराशी अडकते, माणूस चिडतो आणि शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणतात, ‘अहो राहू द्या, मीच घालते.’ थेरपिस्टचं निम्मं काम या काकूंना दहा मिनिटं हात न लावता उभं राहायला शिकवणं हे असतं. फिजिओथेरपिस्ट खांद्याची हालचाल परत आणतो आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या खांद्याला अंघोळ, जेवण, शाळा, कामधंदा यांना लावतो, अशी ढोबळ वाटणी सांगितली जाते. दोन्हीकडचे लोक या वाटणीवर भांडतील, भांडू देत.

हे काम आपल्याकडे आणलं कमलाबाई निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, क्वेकर घरातल्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर भारतात स्थायिक झाल्या, आणि १९४० च्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, परत अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियात हे शास्त्र शिकून आल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी सुरू केलेली शाळा आशियातली पहिली मानली जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. एवढी आघाडी घेऊनही आज राज्यातली या विषयाची कॉलेजं बोटांवर मोजता येतात. केईएम, सायन, नायर, हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था, नवी मुंबईतलं नेरूळ, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांतली ठळक नावं. फिजिओथेरपीची कॉलेजं राज्यभर पसरली. ही मात्र बहुतांशी मुंबईच्या पट्ट्यात आणि नागपुरात अडकून राहिली. मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीला हा विषय शिकायचा तर आधी हॉस्टेल शोधावं लागतं.

यातून एमओटीएचच्या बाजूचा पहिला आणि सर्वांत साधा मुद्दा निघतो. नवी कॉलेजं निघायची तर शिक्षक हवेत, आणि शिक्षक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी हवीच. जिला शिकवण्याची मनापासून आवड आहे तिने पुढचे परिच्छेद वाचले नाहीत तरी चालेल. तिने प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा.

बाकीच्यांसाठी दुसरा मुद्दा कौशल्याचा आहे, आणि तो हाताच्या उपचारात जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या मुलाची बोटं चिरडतात, आतली कंडरा म्हणजे टेंडन तुटते, सर्जन ती जोडतो. तिथून पुढची लढाई थेरपिस्टची. जोडलेला टेंडन फार लवकर ताणला तर पुन्हा तुटतो. फार दिवस स्थिर ठेवला तर आजूबाजूच्या ऊतींना चिकटतो आणि बोट वळेनासं होतं. या दोन संकटांमधून वाट काढायची असते. साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात प्लास्टिकची शीट मऊ करायची, पाणी टिपून ती त्याच्या हातावर घालायची, आणि थंड होऊन कडक व्हायच्या आत मनगट आणि बोटांचे कोन धरून ठेवायचे. तेवढ्या वेळात थेरपिस्टने चूक केली तर शीट पुन्हा पाण्यात टाकावी लागते. मग स्प्लिंट घालूनच करायचे व्यायाम, आठवड्याआठवड्याने वाढवलेली सूट, आणि सुमारे तीन महिने जड काम बंद. हे वेळापत्रक बीओटीएचला शिकवलेलं असतं. पण मुलगा रोजंदारीवर आहे, पाचव्या आठवड्यात ठेकेदार त्याला बोलावतो, आणि तो स्प्लिंट काढून पिशवीत घालून कामावर जातो. अशा वेळी छापील वेळापत्रक बाजूला ठेवून काय द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, सर्जनशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे ठरवायला जी समज लागते ती चांगल्या हात-विभागात दोन वर्षं घासल्यावर येते. एमओटीएचच्या चांगल्या जागा ही समज देतात. याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

तिसरा मुद्दा लहान मुलांचा. इथे उलाढाल मोठी आहे आणि गोंधळही तेवढाच. मुंबई, पुणे, नाशिक, ठाणे इथे गल्लोगल्ली थेरपी सेंटरं निघाली आहेत. स्वमग्न, अतिचंचल, बोलायला उशीर झालेली मुलं तिथे आठवड्यातून दोन-तीनदा येतात. सेन्सरी इंटिग्रेशन हा शब्द आता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतही सहज फिरतो. अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत मांडलेली ही कल्पना विचार करण्याजोगी आहे, पण तिच्या नावावर आज जे जे विकलं जातं त्या सगळ्याला पुरावा आहे असं नाही. वजनदार जाकिटं, अंगावर ब्रश फिरवणं, तासाच्या हिशोबाने झोपाळा. यांतलं कुणाला कशासाठी आणि किती दिवस द्यायचं, आणि फरक पडत नसेल तर कधी थांबवायचं, हे विचारणारी थेरपिस्ट हवी. संशोधन वाचता येणं, वीस मुलांच्या अभ्यासातून किती निष्कर्ष काढायचा आणि किती नाही हे कळणं, ही पदव्युत्तर शिक्षणाची खरी कमाई आहे. पालकांचे दरमहा जाणारे पैसे हा नैतिक प्रश्न आहे असं मानणाऱ्या मुलीला ती पदवी उपयोगी पडेल.

आणि चौथा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, तो इथल्या जगण्याचा आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला किती जमतं हे मोजायला जगभर १९६५ सालचा बार्थेल निर्देशांक वापरतात. त्यात जेवणाच्या कलमाखाली पदार्थ कापायला, लोणी लावायला मदत लागते का, असं विचारलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या बाईला विचारायला हवं ते वेगळंच: एका हाताने भाकरी मोडता येते का? खाली बसून ताट पुढ्यात ओढता येतं का? चुलीसमोर उकिडवं बसून उठता येतं का? परातीत पीठ मळून, पाण्याचा हात लावत भाकरी थापायची तर दोन्ही हात लागतात, आणि हाताची संवेदना गेली असेल तर तव्याचा चटका बसलेला कळतही नाही. भारतीय पद्धतीचा संडास, नळावरची कळशी, एसटीची उंच पायरी. हे सगळं तपासणीच्या कागदावर यायला हवं आणि त्यावर उपचार बेतायला हवेत. हे काम फिलाडेल्फियात होणार नाही. ते नागपूर-मुंबईच्या विभागांत, एमओटीएचच्या प्रबंधांतूनच व्हायला हवं. होतं का? काही ठिकाणी होतं. पुष्कळ ठिकाणी प्रबंध म्हणजे तीस रुग्ण, एक प्रश्नावली, एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत गेलेले महिने, आणि शेवटी निळ्या किंवा काळ्या बांधणीचा ग्रंथ, जो पुढच्या तुकडीची मुलगी मांडणी कशी करायची ते बघायला उघडते.

इथे तराजूचं दुसरं पारडं जड व्हायला लागतं. पदवीतून काय मिळू शकतं आणि प्रत्यक्षात काय मिळतं यांत अंतर आहे, आणि ते अंतर विद्यार्थिनीच्या खर्चाने भरलं जातं. सरकारी जागा मिळाली तर फी कमी असते आणि काही संस्थांत विद्यावेतनही मिळतं. पण अशा जागा मूठभर. खासगीत फी भरायची, शहरात राहायचं, आणि दोन वर्षं कमाई नाही. बाहेर पडल्यावर बाजार काय देतो? सेंटरच्या मालकाला बीओटीएच आणि एमओटीएच यांतला फरक कळतोच असं नाही. कळला तरी पगारात तो फारसा दिसत नाही. मुलामागे मिळणारी फी दोघींची सारखीच असते. सरकारी रुग्णालयांतल्या थेरपिस्टच्या पदांना सहसा पदवी पुरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उघडली ही मोठीच गोष्ट, पण तिथलं मनुष्यबळ कंत्राटी. दरवर्षी नूतनीकरणाची वाट पाहायची. पदव्युत्तर पदवी घेऊन तिथे जाणारीला वेगळी वेतनश्रेणी, बढतीची शिडी असं काही समोर नसतं. दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालून जी पायरी चढायची, तिच्यावर उभं राहायला जागाच नसेल, तर नुसतं ‘शिक, शिक’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय म्हणावं?

शाखानिवडीतही बाजाराचाच हात दिसतो. ओढा मुलांच्या विभागाकडे, त्याखाली मेंदूविकार आणि हात. मानसिक आरोग्याची शाखा मागे पडते. हा व्यवसाय अमेरिकेत १९१७ साली संघटित झाला तेव्हा त्याच्या संस्थापकांमध्ये मनोरुग्णालयांतून आलेली माणसं पुढे होती. रोजच्या कामाची घडी बसली की मन सावरतं ही त्यांची धारणा. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला बाहेर पडून दुकानातून साबण आणता यावा, पैसे मोजता यावेत, बस पकडता यावी यासाठी जे काम लागतं ते याच विषयाचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला, पण तो हक्क पेलायला शिकवणारी माणसं तयार होत नाहीत, कारण त्या शाखेतून बाहेर पडलेलीला क्लिनिक टाकून पोट भरता येईल अशी खात्री नसते. हा दोष मुलींचा नाही. सरकारने पदं काढली असती तर मुली गेल्या असत्या.

आता मामांच्या अमेरिकेकडे वळू. तिथे २००७ पासून या व्यवसायात शिरण्यासाठी किमान पदव्युत्तर पदवी लागते. तिथल्या मान्यता मंडळाने २०१७ मध्ये आणखी पुढे जाऊन जाहीर केलं होतं की २०२७ पासून डॉक्टरेट हीच प्रवेशाची पायरी असेल. व्यवसायातूनच त्यावर वादळ उठलं. कर्जाचा बोजा वाढेल, गरीब घरातली मुलं बाहेर फेकली जातील, रुग्णाला मात्र त्याचा फायदा होईल याचा पुरावा कुठे आहे, असे प्रश्न आले. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही पदव्यांची दारं उघडी ठेवली गेली. पदव्यांची ही चढाओढ आपल्याकडेही येऊ शकते, म्हणून तो वाद आपल्या कॉलेजांनी नीट वाचून ठेवण्यासारखा आहे.

तिथली प्रवेशाची वाटही वेगळी आहे. पुण्यात मानसशास्त्रात बीए केलेल्या मुलीला अमेरिकेत काही पूर्वअट-विषय पूर्ण करून थेट या व्यवसायाच्या मास्टर्सला जाता येतं. ब्रिटनमध्येही इतर पदवीधरांसाठी दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम असतो. भारतात मात्र बीओटीएच केल्याशिवाय एमओटीएचचं दार उघडत नाही. त्यामुळे विषय उशिरा आवडलेल्यांसाठी परदेश हा खरोखरच वेगळा रस्ता आहे. बीओटीएच झालेलीचं गणित याहून निराळं. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात तिची पदवी जागतिक महासंघाच्या मान्यतेची असेल तर तिथल्या नोंदणीसाठी ती पदवीच्या बळावर अर्ज करू शकते. केवळ नोंदणीसाठी एमओटीएच करण्याची गरज नाही. अमेरिकेत तिची पात्रता तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या तोडीची आहे का हे तपासलं जातं, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. तिथे जाऊन केलेली प्रत्येक मास्टर्स या परीक्षेला बसू देते असंही नाही. आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठीचे प्रगत अभ्यासक्रम वेगळे आणि प्रवेशपातळीचे, चोवीस आठवड्यांच्या रुग्णालयीन कामासह येणारे, वेगळे. एजंट हा फरक सांगत नाही. तो फी सांगतो, आणि अनेक खासगी विद्यापीठांत ती लाख डॉलरच्या आसपास जाते.

पुढचा अडथळा व्हिसाचा. अमेरिकेने ज्या व्यवसायांना ग्रीन कार्डाच्या वाटेतली कामगार-प्रमाणपत्राची पायरी माफ केली आहे त्या यादीत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाहीत. मामांच्या ऑफिसातल्या सुनेचं चांगलं चाललं असेल, पण ती कोणत्या व्हिसावर गेली हे विचारून घ्यावं. नवऱ्याच्या कार्डावर गेलेली आणि स्वतःच्या शिक्षणकर्जावर गेलेली, या दोघींचे हिशोब एकमेकींना लागू पडत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावल्याची घोषणा झाल्यापासून रुग्णालयं असे अर्ज करायला आणखी बिचकणार हे उघड आहे. केवळ शिकण्यासाठी, तिथली हात-विभागातली किंवा बालविभागातली शिस्त अंगी बाणवण्यासाठी जाणाऱ्यांनी जरूर जावं. कर्ज फेडण्याची सगळी भिस्त तिथल्याच पगारावर असेल तर थांबावं.

म्हणजे एमओटीएच करूच नये का? नाही. करावी, पण बहुतेकींनी लगेच करू नये, असं आमचं मत आहे. इंटर्नशिप संपलेली मुलगी तेवीस वर्षांची असते. तिने हाताचे रुग्ण पाहिलेले असतात, पण एकच रुग्ण पहिल्या दिवसापासून कामावर परत जाईपर्यंत क्वचितच. तिला कोणता प्रश्न छळतो हे तिलाच अजून माहीत नसतं, म्हणून प्रबंधाचा विषय गाइड देतात आणि शाखा बाजार ठरवतो. दोन वर्षं एखाद्या जनरल ओपीडीत काढली, शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे सकाळी पक्षाघात, दुपारी सेरेब्रल पाल्सीचं मूल आणि मधेच मळणीयंत्रात हात गेलेला शेतकरी येतो, की प्रश्न आपोआप सापडतात. कमलाबाई चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला गेल्या त्या भारतात बराच काळ राहून, इथली गरज पाहून. त्यांना काय शिकायचं आहे हे दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नसणार.

या मतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो खोडून काढता येत नाही. या विषयात बहुतांश मुली असतात. दोन वर्षांनी शिकेन असं म्हणणाऱ्या मुलीच्या आयुष्यात त्या दोन वर्षांत लग्न येतं, गाव बदलतं, मूल होतं, आणि नागपूरची जागा सोलापूरच्या सासरहून दिसेनाशी होते. ‘नंतर’ हा शब्द मुलग्यासाठी आणि मुलीसाठी सारखा चालत नाही. आत्ता नाही तर कधीच नाही अशी ज्या घरातली परिस्थिती आहे, तिथल्या मुलीने अनुभवाची वाट बघू नये. तिने मिळेल ती चांगली जागा घ्यावी आणि अनुभव नंतर मिळवावा. हा क्रम कमी चांगला असेल, पण काहीच न होण्यापेक्षा शतपटीने बरा. परीक्षेची सवय मोडते हा आईचा आक्षेपही खोटा नाही, मात्र त्यावर उपाय आहे: नोकरी करता करता शनिवार-रविवार अभ्यास. कष्टाचं आहे, अशक्य नाही. सेंटरवाल्या सीनियरचा सल्ला मात्र अर्धाच घ्यावा. काम कर हे बरोबर. पण एकाच प्रकारची मुलं आणि एकाच खोलीतला झोपाळा असं वर्ष काढलं तर त्याला अनुभव म्हणता येत नाही.

काही गोष्टी विद्यार्थिनीच्या हातात नाहीत. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हा व्यवसाय प्रथमच देशपातळीवरच्या वैधानिक चौकटीत आणला. महाराष्ट्राने तर २००२ च्या कायद्याने स्वतःची परिषद आधीच केली होती. नोंदणी झाली, आता पुढचं पाऊल हवं. सरकारी रुग्णालयांत आणि मनोरुग्णालयांत पदव्युत्तर थेरपिस्टची वेगळी पदं आणि वेगळी वेतनश्रेणी काढावी. जिल्ह्यात दोन वर्षं काम केलेलीला एमओटीएचच्या प्रवेशात गुण द्यावेत. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पुढच्या शिक्षणात सवलत देण्याची कल्पना या राज्याला नवी नाही, मग थेरपिस्टच्या बाबतीत ती का सुचू नये? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि २०१६ च्या हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. कायद्याने हक्क वाढवत जायचे आणि ते बजावायला मदत करणारी माणसं मात्र कंत्राटावर ठेवायची, हे फार काळ चालणार नाही.

तोवर फॉर्म भरणाऱ्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी एक करावं. ज्या विभागात प्रवेश घ्यायचा त्याच्या ओपीडीत एक सकाळ जाऊन बसावं. दिवसाला किती रुग्ण येतात, ते कोण तपासतं, प्राध्यापक रुग्णाजवळ उभे दिसतात का, स्प्लिंट तिथेच बनतो की बाहेरून तयार येतो, हे पाहावं. मागच्या तुकडीतल्या दोघींना गाठून विद्यावेतन वेळेवर मिळालं का आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय कुणी निवडला हे विचारावं. विषय गाइडने दिला आणि रुग्ण मोजून तीसच पाहिले असं उत्तर आलं, तर ती जागा कितीही जवळ असली आणि सीट कितीही सहज मिळत असली तरी फी भरू नये. त्या दोन वर्षांत जिल्हा रुग्णालय तिला जास्त शिकवेल.